नाव आणि नमन

शब्द बदलले तरी अर्थ तोच राहतो, हे विधान विसाव्या शतकात इतक्या वेळा केले गेले की तो एक सिद्धान्त आहे आणि म्हणून त्याला पुरावा लागतो, याचेच विस्मरण झाले. अँग्लिकन चर्चच्या उपासनाविधीची आधुनिक फेररचना या अपरीक्षित सिद्धान्तावर उभी आहे. १६६२ च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' या ग्रंथाची भाषा जीर्ण झाली आहे, तेव्हा तिच्यातील आशय राखावा आणि वस्त्र तेवढे बदलावे, असे सुधारकांचे म्हणणे होते. १९८० चे 'ऑल्टर्नेटिव्ह सर्व्हिस बुक' आणि २००० साली त्याची जागा घेणारे 'कॉमन वर्शिप' ही त्या म्हणण्याची फळे होत. सुधारकांच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यावयाची ती त्यांच्या भाषाविचाराविषयी. भाषा हे आशय वाहून नेणारे भांडे आहे, भांडे बदलले तरी आत ओतलेले पाणी तेच असते, ही कल्पना त्यांना स्वयंसिद्ध वाटली. ती स्वयंसिद्ध नाही, हे इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकांतील चिनी विचारवंतांनी दाखवून दिले होते. त्यांच्यापुढे अँग्लिकन प्रार्थना नव्हती. परंतु राजसभेतील आणि पितृपूजेतील शब्दांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न जातीने हाच होता.

प्राचीन चिनी भाषाविचार म्हटले की सुशिक्षित वाचकाला 'ताओ ते चिंग'च्या आरंभी व्यक्त झालेला नामाविषयीचा अविश्वास आठवतो आणि पूर्वेने शब्दाच्या पलीकडचे मौन पसंत केले, असा एक सुखद समज तो बाळगून बसतो. हा समज अपुरा आहे. त्या काळच्या चीनमध्ये मौनाचे पुरस्कर्ते होते, तसे शब्दांचे कसून हिशेब मांडणारेही होते. मो-त्झूच्या पंथीयांनी कोणत्याही सिद्धान्ताला तीन कसोट्या लावल्या: प्राचीन राजर्षींच्या आचरणात त्याला आधार आहे काय, लोकांच्या डोळ्यांनी व कानांनी त्याला दुजोरा मिळतो काय, आणि तो राज्यकारभारात वापरला असता लोकांचे हित होते काय. कुंगसुन लुंगने पांढऱ्या घोड्याविषयीचे आपले प्रसिद्ध प्रमेय मांडून नाव आणि वस्तू यांच्यातील सांधा किती सैल आहे हे दाखवले. उत्तरकालीन मोपंथीयांनी सर्वव्यापी, वर्गवाचक आणि व्यक्तिवाचक असे नामांचे तीन प्रकार पाडले. या सर्व वादांच्या मुळाशी एक समान गृहीतक होते, आणि चॅड हान्सेन या अभ्यासकाने १९९२ च्या आपल्या ग्रंथात त्यावर योग्य बोट ठेवले आहे: या विचारवंतांच्या लेखी भाषेचे पहिले कार्य जगाचे चित्र काढणे हे नसून माणसाच्या वर्तनाला वळण लावणे हे होते. एखादे नाव शिकणे म्हणजे काय करावे व काय टाळावे यांतील भेद शिकणे होय.

कन्फ्यूशियसचा 'चंग-मिंग', म्हणजे नामशुद्धीचा, विचार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. वै राज्याचा कारभार हाती आला तर आरंभ कशापासून करणार, असे शिष्य त्झू-लूने विचारले तेव्हा गुरूने नावे नीट करण्यापासून, असे उत्तर दिले. शिष्याला ते आडवळणाचे वाटले. परंतु त्या राज्यात पिता परागंदा होता आणि पुत्र गादीवर बसून त्याची वाट अडवत होता. 'पिता', 'पुत्र', 'राजा' ही नावे उच्चारली जात होती, आणि त्यांतून निघणारे वर्तन मात्र नाहीसे झाले होते. गुरूने पुढे जी साखळी सांगितली तिच्यात नावापासून वाणी, वाणीपासून कार्य, कार्यापासून विधी व संगीत आणि तेथून दंडनीती अशी एकेक कडी निखळत जाते, आणि अखेरीस हातपाय कोठे ठेवावेत हेच प्रजेला कळेनासे होते. शब्दाच्या बिघाडाचा शेवट शरीरात होतो. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण विधी हा शरीराने करावयाचा असतो.

भारतीय वाचकाला ही भूमिका अपरिचित वाटू नये. वेदवाक्याचे तात्पर्य सिद्ध वस्तूच्या वर्णनात नसून कर्माच्या विधानात आहे, असे मीमांसक सांगत आले. निरुक्तात यास्काने कौत्साचे मत नोंदवले आहे. त्याप्रमाणे तर मंत्रांना अर्थच नसतो. तथापि साम्य येथेच थांबवावे. मीमांसकांचा शब्द नित्य आणि अपौरुषेय आहे. श्युन-त्झूचा शब्द माणसांनी ठरवलेला आहे: कोणतेही नाव अंगभूत योग्यतेने योग्य नसते, संकेत ठरतो आणि रूढी पक्की होते, तेव्हा ते योग्य होते. या एका वाक्यात मावणाऱ्या विचाराने अँग्लिकन वादातील दोन्ही पक्षांची पंचाईत केली असती.

आता त्या वादाकडे वळावे. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथाचा इतिहास हा आरंभापासून नावांचा इतिहास आहे. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याच्या देखरेखीखाली १५४९ साली सिद्ध झालेल्या पहिल्या ग्रंथात मुख्य विधीच्या शीर्षकात तीन नावे शेजारी शेजारी होती: प्रभुभोजन, पवित्र सहभागिता आणि लोकांच्या तोंडी असलेले मिस्सा. १५५२ च्या ग्रंथातून मिस्सा गेली. 'वेदी' हा शब्द जाऊन 'मेज' आले. वेदीपुढे उभा राहणारा माणूस यज्ञ करतो, मेजाशी येणारा जेवायला येतो. नाव बदलताच पाऊल बदलते, हे क्रॅन्मरला कोणत्याही चिनी पंडिताइतके ठाऊक होते. भाकर देताना उच्चारावयाचे वाक्यही बदलले. १५४९ च्या वाक्यात प्रभूचे शरीर स्पष्ट नावाने घेतले होते. १५५२ च्या वाक्यात स्मरणार्थ खाण्याची आज्ञा होती, शरीराचे नाव नव्हते. दोन वाक्यांत दोन धर्मशास्त्रे उभी होती आणि दोहोंसाठी माणसे मरावयास तयार होती. क्रॅन्मर स्वतः १५५६ साली ऑक्सफर्ड येथे जाळला गेला.

१५५९ साली, एलिझाबेथच्या राज्यारोहणानंतर, या पेचातून जो मार्ग काढला गेला तो धर्मेतिहासातील एक विलक्षण भाषिक कृती म्हणून पाहण्याजोगा आहे. कोणते वाक्य खरे हे ठरवण्याऐवजी दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडली गेली. भाषेचे कार्य वर्णन करणे एवढेच असेल, तर ही निव्वळ तडजोड, किंबहुना लबाडी ठरते. परंतु भाषेचे कार्य वर्तन घडवणे हे असेल, तर या जोडवाक्याने नेमके केले ते असे की एकमेकांचे मत पाखंड मानणारी दोन माणसे एकाच कठड्याशी गुडघे टेकू शकली. १६६२ च्या ग्रंथानेही ते जोडवाक्य राखले. जे मतैक्याने साधले नसते ते विधीने साधले.

विसाव्या शतकातील सुधारणेचे मोजमाप या पार्श्वभूमीवर घ्यावे लागते. १९२७ व १९२८ साली ब्रिटिश संसदेने सुधारित ग्रंथ दोनदा नाकारला. १९७४ च्या कायद्याने उपासनाविधीचा अधिकार चर्चच्या महासभेकडे आला. जुना ग्रंथ मात्र कायद्याने अबाधित राहिला. मग 'पर्यायी' असे नाव धारण केलेले पुस्तक अनेक ठिकाणी नित्याचे झाले आणि 'सामाईक' असे नाव असलेले पुस्तक मोजक्या माणसांपुरते उरले. कन्फ्यूशियसने एकदा 'कू' नावाच्या मद्यपात्राविषयी उद्‌गार काढला होता: त्याचे कूपण गेले, तरी त्याला कू म्हणायचे काय, अशा आशयाचा. त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. 'कॉमन वर्शिप'मध्ये सहभागिता-विधीच्या पहिल्या क्रमासाठी आठ वेगवेगळ्या मुख्य प्रार्थना दिल्या आहेत. निवड करण्याची मुभा हा उपासकाचा सन्मान आहे, असे सांगितले जाते. वस्तुतः निवड उपासक करीत नाही, धर्मगुरू करतो. उपासक त्या दिवशी काय वाढून ठेवले आहे ते पाहतो. सी. एस. लुईसने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रार्थनाविषयक पुस्तकात चांगला विधी हा पायाला जाणवत नाही अशा जोड्यासारखा असतो, असे सुचवले होते. रोज नवा जोडा घालणाऱ्याचे लक्ष वाटेवर राहत नाही.

याच लुईसने १९४३ च्या 'द ॲबॉलिशन ऑफ मॅन' या पुस्तकात सर्व मानवजातीला समान असलेल्या नीतिनियमाला 'ताओ' हे चिनी नाव दिले. हेतू उदार होता, नाव मात्र चुकले. प्राचीन चीनमध्ये ताओ हे एकमताचे नाव नव्हते. प्रत्येक पंथ आपापल्या मार्गाला ते नाव देत होता आणि भांडण त्यावरच होते. चिनी विचाराला साक्षीदार म्हणून बोलवावयाचे, तर त्याची साक्ष पूर्ण ऐकावी लागते. आपल्याला सोयीचा एक शब्द उचलून नेता येत नाही.

सुधारकांच्या बाजूने चिनी परंपरेतूनच एक आक्षेप घेतला जाईल. मासा हाती आला की जाळे विसरावे, तद्वत अर्थ हाती आला की शब्द विसरावेत, असा दृष्टान्त च्वांग-त्झूच्या नावावर आहे. परंतु दृष्टान्त नीट पाहावा. जाळे विसरण्याचा अधिकार मासा पकडलेल्याला आहे. तो मासे पकडू पाहणाऱ्यांना जाळे फाडून टाका असे सांगत नाही, आणि दर रविवारी नव्या धाग्याचे जाळे विणा असे तर मुळीच सांगत नाही. शिवाय शब्द विसरलेल्या माणसाशीच बोलावे अशी त्या दृष्टान्ताची अखेर आहे. ज्याला प्रार्थना मुखोद्गत आहे तोच तिचे शब्द विसरू शकतो. हातात पत्रक धरून पुढची ओळ शोधणारा विसरू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुसऱ्याने लिहिलेले शब्द म्हणणे हे ढोंग नव्हे काय? प्यूरिटन पक्षाने १६४५ साली प्रार्थनाग्रंथावर बंदी घातली ती याच कारणासाठी, आणि जॉन मिल्टनने १६४९ साली ठरीव प्रार्थनेवर प्रखर हल्ला चढवला. मराठी वाचकाला या प्रश्नाचे आणखी जवळचे रूप आठवेल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्यानंतरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरचे मतभेद आहेत, तसेच क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का असावा, संस्कृतमध्ये का नसावा, हा रोकडा सवालही आहे. ज्याला बुद्धी संमती देत नाही ते तोंडाने म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा होता. त्याची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. परंतु मतप्रतिज्ञा आणि प्रार्थना या दोन वेगळ्या वाक्क्रिया आहेत. पहिलीत माणूस आपण काय मानतो ते सांगतो. दुसरीत तो अजून जे नाही ते होण्यासाठी उभा राहतो. १६६२ च्या विधीत पापांचे ओझे असह्य झाल्याची कबुली आहे. आधुनिक उपासकाला ते ओझे असह्य वाटत नाही, मग खोटे का बोलावे, असे म्हणून नव्या विधींतून ती कबुली सौम्य करण्यात आली. येथे शब्दाला मनाचा आरसा मानण्याची चूक उघडी पडते. ते शब्द ओझ्याचे वर्णन करीत नव्हते. न जाणवणारे ओझे जाणवावे म्हणून ते खांद्यावर ठेवीत होते. पूर्वजांना यज्ञ अर्पण करताना ते समोर असल्यासारखे वागावे, हे कन्फ्यूशियसचे शिस्तवचन ढोंगाचे समर्थन नाही. आपण स्वतः मनाने हजर नसू तर यज्ञ झालाच नाही, असेही तो लगेच बजावतो. आणि तो आजारी असताना शिष्याने त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा आपली प्रार्थना केव्हापासूनच चालू आहे, या अर्थाचे उत्तर त्याने दिले. ठरीव विधीचा सर्वांत मोठा समर्थक प्रार्थनेला आयुष्यभराचे आचरण समजत होता.

परंतु जुन्या ग्रंथाच्या कैवाऱ्यांनी या साक्षीने हुरळून जाऊ नये. १९७९ साली 'पी. एन. रिव्ह्यू' या नियतकालिकाने प्रार्थनाग्रंथाच्या रक्षणार्थ जो अंक काढला, त्यातील निवेदनांवर मोठमोठ्या साहित्यिकांच्या व कलावंतांच्या सह्या होत्या, आणि त्यांत चर्चच्या उपासनेशी काडीचाही संबंध नसलेले लोक होते. त्यांना राखावयाचे होते ते इंग्रजी गद्याचे एक शिल्प. श्युन-त्झूने पर्जन्ययागाविषयी लिहिले आहे की याग केल्यावर पाऊस पडतो तसा तो न करताही पडतो. सुज्ञ माणूस त्या यागाकडे संस्कृतीचा अलंकार म्हणून पाहतो, सामान्य जन देवतेचे काम म्हणून. १९७९ चे सह्याकार हे श्युन-त्झूचे सुज्ञ होते. त्यांना अलंकार हवा होता, आणि गुडघे टेकण्याचे काम त्यांनी सामान्य जनांवर सोपवले होते. येथे चिनी साक्षीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ज्याला संबोधावयाचे तो कोणी आहे, ही श्रद्धा वजा केल्यावर विधी उरेल, प्रार्थना उरणार नाही.

नामशुद्धीला आणखी एक काळी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नावे ठरवण्याचा अधिकार श्युन-त्झू राजाकडे देतो; शब्द फोडून नवी नावे पसरवणे हा खोटी मापे वापरण्यासारखा गुन्हा मानतो. इंग्लंडच्या राजसत्तेनेही तेच मानले. ९ जून १५४९ पासून नवा ग्रंथ सक्तीचा झाला आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टने या गावी बंडाची ठिणगी पडली. कॉर्नवॉलच्या बंडखोरांचे म्हणणे होते की आमच्यांतील काहींना इंग्रजी कळतच नाही आणि ही नवी उपासना नाताळातल्या खेळासारखी वाटते. लोकांना कळणारी भाषा, हे सुधारणेचे ब्रीद होते. परंतु कोणत्या लोकांना, हा प्रश्न तेव्हाही दडपला गेला. त्या उन्हाळ्यात हजारो माणसे मारली गेली. वेल्श भाषेत १५६७ साली प्रार्थनाग्रंथ आला. कॉर्निशच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. तेव्हा जुन्या ग्रंथाची प्रतिष्ठा १५४९ च्या कायद्यातून आली असे कोणी मानू नये. ती आली असेल तर पुढच्या कित्येक पिढ्यांनी तो बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मृताच्या खड्ड्याकाठी उच्चारला त्यातून. राजा सक्ती करतो. रूढी पक्की करतात ती माणसे.

या दोन परंपरांची प्रत्यक्ष गाठ पडली ती चीनमध्येच. ईश्वराला चिनी भाषेत काय म्हणावे, यावर एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांत दीर्घ वाद झाला. अमेरिकन अँग्लिकन बिशप विल्यम बून 'शेन' या शब्दाचा आग्रह धरीत होते. मेडहर्स्ट आणि जेम्स लेग 'शांग्ती'चा. १८७२ साली पेकिंग येथे बर्डन आणि शेरेशेव्स्की यांनी प्रार्थनाग्रंथ चिनी भाषेत आणला. रोमन कॅथलिकांनी रूढ केलेले 'त्येन-चू' हे नाव त्यांना ग्राह्य वाटले. प्रत्येक पक्षाने कोश आणि अभिजात ग्रंथ यांतून प्रमाणांचे ढीग रचले. कोणते नाव ईश्वर या वस्तूला अचूक लागू पडते, हाच सर्वांचा प्रश्न होता. कन्फ्यूशियसचे ग्रंथ ज्यांच्या टेबलावर उघडे होते त्यांनी कन्फ्यूशियसचा प्रश्न क्वचितच विचारला: हे नाव घेणाऱ्याचे वर्तन काय होईल? शांग्तीला बळी अर्पण करण्याचा अधिकार सम्राटाचा होता. ते नाव शेतकऱ्याच्या तोंडी देणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, तर विधीची सीमा ओलांडणे होते. ते किती स्फोटक होते हे १८५१ ते १८६४ या काळातील थायपिंग बंडाने दाखवले. शांग्तीचे उपासक म्हणवणाऱ्या त्या बंडखोरांनी सम्राटाच्या पदवीतील 'ती' हा अंशच ईश्वराच्या नावाची चोरी ठरवला. १९१९ चे संयुक्त चिनी बायबल अखेर दोन आवृत्त्यांत निघाले. 'शांग्ती'ला दोन चिन्हे लागतात, 'शेन'ला एक. पानांची जुळणी बिघडू नये म्हणून 'शेन'च्या आवृत्तीत त्या शब्दापूर्वी एक जागा कोरी सोडली गेली. मुद्रकाने सोडलेल्या त्या रिकाम्या जागेइतकी समर्पक टीका त्या वादावर दुसऱ्या कोणी केलेली नाही.

मग बदल करावयाचाच नाही काय? कन्फ्यूशियसचे उत्तर सुधारक आणि सनातनी या दोघांनाही गैरसोयीचे आहे. विधीची टोपी तागाची असावी असा नियम होता; लोक रेशमाची घालू लागले, त्यात काटकसर होती, म्हणून तो लोकांबरोबर गेला. दालनात चढण्यापूर्वी खाली नमस्कार करण्याचा नियम होता. लोक वर चढून नमस्कार करू लागले, त्यात उद्धटपणा होता, म्हणून तो लोकांच्या विरुद्ध जाऊन खालीच वाकला. टोपी कोणती आणि नमन कोणते, हा विवेक म्हणजेच विधीची समज.

या कसोटीवर अँग्लिकन वादातील सर्वांत गाजलेला मुद्दा, ईश्वराला जुन्या एकवचनी 'दाऊ'ने संबोधावे की आजच्या 'यू'ने, हा टोपीचा ठरतो. इंग्रजीतले ते एकवचन मुळात सलगीचे होते, मराठी भक्त विठ्ठलाला ज्या हक्काने 'तू' म्हणतो त्या जातीचे. नित्याच्या बोलण्यातून ते लोपले आणि प्रार्थनेत उरले, म्हणून त्याला भारदस्तपणा चढला. सनातन्यांनी ज्या दूरस्थ गांभीर्यासाठी त्याचा कैवार घेतला ते गांभीर्य मूळ शब्दात नव्हते, आणि सुधारकांनी ज्या जवळिकीसाठी तो टाकला ती जवळीक मूळ शब्दातच होती. संकेत बदलला, नावही बदलले. श्युन-त्झूची त्याला हरकत नसती. असह्य ओझ्याची कबुली काढणे, सर्वांचे एक वाक्य मोडून प्रत्येकाच्या रुचीची आठ करणे आणि तरीही पुस्तकाच्या कपाळावर 'सामाईक' हा शब्द ठेवणे, हे मात्र टोपीचे प्रश्न नव्हेत. तेथे नमनाची जागा बदलली. चाळीस वर्षे दोन्ही पक्ष सर्वनामावर भांडत राहिले आणि त्या गदारोळात माणसे पायऱ्या चढून वर गेली. खाली वाकून नमस्कार करावयाचा असतो, हे सांगणारे वाक्यच पुस्तकात उरले नाही, तर वर उभ्या असलेल्या माणसाला आपण उद्धट आहोत हेही कळण्याची सोय राहत नाही.